उंबरणचे लोक तुझे, तट माझे

नसरीन,

परवा धुळ्याहून निघाले आणि जळगावच्या स्टँडवर एसटी थांबली तेव्हा शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मी मांडीवर घेतली. सात वर्षांची सवय. तू चढायचीस, ओढणीने मान पुसत म्हणायचीस, "सरक ना, खिडकी तुझ्या बापाची आहे का?" आणि भुसावळ येईपर्यंत आपण भांडायचो. परवा एक काकू आल्या, विचारलं, "कोणी बसलंय का इथं?" मी पटकन 'हो' म्हणाले. त्या पुढे गेल्या. त्या भुसावळपर्यंत उभ्याच होत्या आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. उभ्या बाईला सीट नाकारली म्हणून तू मला चांगलंच झापलं असतंस.

तुझ्याबद्दल लोक बोलतात तेव्हा म्हणतात, लॅबमध्ये होती, हात हलका होता, रक्त घेताना सुई कळायची नाही. खरंच असेल. माझं रक्त तू कधी घेतलं नाहीस. मला माहीत असलेली नसरीन म्हणजे दर रविवारी दुपारी दीपनगरला वैभवच्या क्वार्टरमध्ये जमिनीवर मांडी घालून बसलेली, दातात पेन्सिल धरलेली, नसलेल्या शहरातल्या नसलेल्या माणसांची काळजी करणारी बाई.

ऑफिसात मला अजून विचारतात, तुम्ही चौघं तिथं करता तरी काय? कागद, पेन्सिल आणि फासे. एकजण सूत्रधार होतो आणि जग सांगतो. बाकीचे त्या जगातली माणसं होऊन बोलतात, लढतात, मरतात. काय जमेल न जमेल ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. पहिल्या वर्षी आपण दुसऱ्यांनी लिहिलेल्या जगात खेळलो. मग तूच म्हणालीस, "हे राजे, हे बर्फ, हे किल्ले, मला यातलं काही दिसतच नाही. आपलं बनवू ना." आणि वैभवच्या खिडकीच्या कठड्यावर पॉवरहाऊसची राख साचलेली असायची, त्या राखेत तू बोटाने नदीचं वळण काढलंस. त्या वळणावर उंबरण वसलं.

वाटणी लगेच झाली. मी दिवसभर लोकांच्या घरांचे नकाशे काढणारी, त्यामुळे तट, बुरूज, खंदक माझ्याकडे. लोक तुझ्याकडे. अश्विनी चाळीसगावहून यायची, शाळेत इतिहास शिकवते म्हणून लढाया तिच्याकडे. वैभव चहा करायचा आणि सगळ्यांच्या चुका काढायचा.

मी किती खूश होते माझ्या तटावर! वळसा घालून आत जाणारी वाट, म्हणजे शत्रूला दरवाजा समोर दिसूच नये. दरवाज्याच्या आत पहारेकऱ्यांच्या देवड्या. नदीच्या अंगाला एक चोरदरवाजा. नकाशा पसरून मी सांगत होते आणि तू सगळं ऐकून घेतल्यावर विचारलंस, "या देवडीतल्या पहारेकऱ्याची आई कुठं राहते?"

"कोणाची आई?"

"याची गं. हा इथं उभा आहे बारा तास. याला भाकरी कोण आणून देतं? कुठल्या गल्लीतून?"

मी म्हणाले, भाकरीचा तटाशी काय संबंध. तू माझ्या नकाशावर, माझ्या शाईच्या नकाशावर, पेन्सिलीने एक गल्ली काढलीस. म्हणालीस, "इथून."

त्या गल्लीपासून तुझे उंबरणी लोक सुरू झाले. जेवायला बसण्याआधी दारात येऊन 'कोणी उपाशी आहे का' म्हणून हाक देणारे. कपडे धुताना गाणारे, तेही दोघींनी मिळून, एक ओळ एकीची, एक दुसरीची. त्यांची भाषा तू तुमच्या शेजारच्या अक्कांच्या अहिराणीवरून उचललीस आणि तिला स्वतःची शेपटं लावलीस. त्यांच्यात 'आपण' म्हणायला दोन शब्द होते. एक जिवंत माणसांपुरता. दुसरा 'बठा', ज्यात गेलेलेही धरायचे.

"हे तर आपलं बठ्ठा शे, सगळे म्हणायला," मी हसले होते. "चोरलंस."

"उंबरणी लोक चोरत नाहीत," तू म्हणालीस. "मी चोरते."

एक गोष्ट तुझ्या तोंडावर मी कधी कबूल केली नाही, ती आता करते. दुसऱ्या वर्षी वैभव सूत्रधार होता तेव्हा त्याने शहरात हेर घुसवला. माझ्या तटाला पत्ता लागला नाही. माझा एकही पहारेकरी हलला नाही. तो हेर पकडला तुझ्या धुणाऱ्या बायकांनी, कारण घाटावर बाईने गाण्याची ओळ टाकली आणि त्याला पुढची आली नाही. वैभव कपाळावर हात मारून म्हणाला, "काय बाई आहे ही! गाण्याने हेर पकडते." तू माझ्याकडे बघून भुवई उडवलीस फक्त. मी हसले. पण आतून मला ते लागलं होतं, नसरीन. इतकी वर्षं झाली तरी मला नीट आठवतंय ते, म्हणजे चांगलंच लागलं असणार. पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथं होती, असं मला हल्ली वाटतं.

पुढे काय झालं ते तुला माहीतच आहे. तरी मला ते एकदा तुला सांगायचंय, कारण आजपर्यंत मी ते फक्त स्वतःला सांगितलं, आणि दर वेळी थोडं माझ्या बाजूने वळवून.

सूत्रधाराची पाळी माझी होती. मला उंबरण पाडायचं होतं. माझंच शहर, पण सूत्रधार झालं की आपण शत्रूच्या बाजूने विचार करतो आणि मला माझा तट कुठूनच फोडता येईना. मी फार नेटका बांधला होता. तेव्हा मी उंबरणी लोकांच्या रीती लिहिलेली तुझी पानं वाचायला घेतली. उंबरणमध्ये माणूस गेलं की त्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही. गल्ली जेवण नेते. आणि जेवण घेऊन मयतीच्या घरी जाणाऱ्याला कुणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. तू त्या ओळीखाली रेघ मारली होतीस.

मला भोक सापडलं.

त्या रविवारी मी पाच माणसं आणली. डोक्यावर झाकलेली पातेली. पातेल्यांत भाताखाली सुरे. दरवाज्यावर अश्विनीचा नायक होता, त्याने हटकलं. ते म्हणाले, मयतीच्या घरी चाललोय. अश्विनीने तुझ्याकडे पाहिलं. तू त्या गल्लीची पंच होतीस, शब्द तुझा. तुझा चेहरा उतरलेला मी पाहिला आणि मला, खरं सांगते, मजा वाटली.

तू विचारलंस, "कोण गेलंय त्या घरात?"

"म्हणजे?"

"मयत कुणाची आहे?"

"काय फरक पडतो? घर आहे, मयत आहे. तू त्यांना सोडतेस की अडवतेस ते सांग."

तू पेन्सिल खाली ठेवलीस. "मीनल, तुला तट फोडता आला नाही, म्हणून तू चूल फोडलीस."

"मी नाही काही केलं. असं भाबडं शहर पडणारच. जग असंच असतं."

"जग तू चालवतेयस," तू म्हणालीस.

अश्विनी म्हणाली, "जाऊ द्या गं, खेळ आहे." वैभव आत चहा ठेवायला निघून गेला. तू म्हणालीस, "सोडते मी त्यांना. आमच्यात विचारत नाहीत." मग पानं गोळा केलीस, चपला घातल्यास आणि निघालीस. खेळ तिथंच थांबला: पाच माणसं मयतीच्या घराच्या उंबऱ्यात, पातेली डोक्यावर. भुसावळहून तू एकटी गेलीस, मी मागच्या गाडीने. पहिल्यांदाच.

दोन दिवसांनी तुझा मेसेज आला. एकच ओळ. "पाचातल्या एकालाही लाज वाटली नाही?"

मी उत्तर लिहायला घेतलं होतं. लांबलचक. नियम काय सांगतात, सूत्रधाराचं काम काय असतं, शत्रूला शत्रूसारखंच वागवावं लागतं वगैरे. वाचून पाहिलं तेव्हा माझं मलाच ते ऑफिसच्या पत्रासारखं वाटलं. पाठवलं नाही. म्हटलं, रविवारी भेटल्यावर बोलू. त्या रविवारी तू आली नाहीस. पुढच्याही नाही. अश्विनी म्हणायची, तू फोन कर. मी म्हणायचे, तिने करावा, उठून ती गेली. असे चार महिने गेले. मग एका दुपारी वैभवचा फोन आला. मी तो उचलताना हसतच म्हणाले होते, "काय, आली का बाईसाहेब?"

तिसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी आले. आईने सकाळीच डबा भरून ठेवला होता, वरण-भात, वांग्याची भाजी. मी म्हणाले, राहू दे ना आई, त्यांच्याकडे सगळे असतील. आई म्हणाली, "मयतीच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही. त्यांची चूल बंद असेल." ती हे मिठाची बरणी जागेवर ठेवता ठेवता म्हणाली, सहज. तुझी पानं मी पाठ केली होती, नसरीन, आणि ही गोष्ट माझ्या स्वतःच्या घरातही आहे हे मला त्या सकाळी कळलं.

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे चाचा खुर्ची टाकून बसले होते. रस्ता अरुंद, त्यांचे पाय आडवे. मी उभी राहिले. नाव सांगायला तोंड उघडलं. मी कोण, तुझी कोण, हे काय सांगावं ते ठरवत होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. हातातला डबा पाहिला आणि पाय आत ओढून घेतले.

मला पुढे जाता येईना. माझ्या पुढून दोन बायका झाकलेली पातेली घेऊन आत गेल्या, मागून एक आली, तिनं माझ्या पाठीवर हात ठेवून "चला ना" म्हटलं. त्या सगळ्या तू लिहिलेल्या होत्या. आणि त्यांच्यात मी होते, मी पाठवलेल्या माणसांपैकी एक. चाचा शेवटी म्हणाले, "जा बेटी, अंदर जा. धूप है."

तुझ्या अम्मींनी मला ओळखलं नाही. जवळ बसवलं, आधी पाणी दिलं, मग विचारलं, "खाऊन आलीस ना?" पोरगी गेलेली बाई मला विचारत होती. मग तुझी बहीण तरन्नुम म्हणाली, "अम्मी, ही दीपनगरची. खेळवाली."

त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं आता काहीतरी ऐकावं लागेल, आणि ते मला हवंही होतं. त्या म्हणाल्या, "इतवारी घरातच बसून राहायची. मी म्हणायची, जात नाही का गं? तर म्हणे, अम्मी, शहरात दुश्मन घुसलेत, माझी माणसं सोडून मी कशी जाऊ." मग एखाद्या खऱ्या गावाची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, "काय झालं मग त्या शहराचं?"

मी म्हणाले, "अजून काही झालं नाही."

"हां," त्या म्हणाल्या. "म्हणजे बाकी आहे."

निघताना तरन्नुमने तुझ्या पानांची फाईल दिली. म्हणाली, आम्हाला यातलं काही वाचता येत नाही.

त्यानंतर तू फार येतेस. ऑफिसात मध्यंतरी एका बंगल्याची कंपाउंड वॉल काढत होते, मालकाला सात फूट भिंत, वर काचा हव्या होत्या. मी रेघ ओढली आणि अगदी कानाशी ऐकू आलं, 'इथं भाकरी कुठून येते?' मी मागे वळून पाहिलं. ऑफिसात मी आणि पंखा. मालक आल्यावर मी त्यांना विचारलं, शेजारी कोण राहतं तुमच्या? ते म्हणाले, तुम्हाला काय करायचंय. बरोबरच आहे. भिंत सात फूटच झाली. पण बाजारात कुणी 'बठ्ठा' म्हटलं की माझी मान वळते, आणि खानदेशात, बाई, दिवसातून किती वेळा वळेल ती! हा शब्द तू चोरला होतास. आता मला तो परत करता येत नाहीये.

महिनाभर आम्ही तिघं भेटलो नाही. मग वैभवच म्हणाला, "ती पाच माणसं तशीच उभी आहेत. मला कामावर असताना दिसतात. काहीतरी कर."

परवा गेले ती त्यासाठीच. क्वार्टर तसंच आहे, खिडकीत राख तशीच. तुझी जागा कुणी घेतली नाही, मग तिकडे पाय पसरायलाही कुणी धजेना, तिघं एका कोपऱ्यात दाटीने बसलो. वैभव म्हणाला, "कर सुरू. घुसले ते आत. पुढे?"

मी म्हणाले, "थांब. आधी त्या घरात कोण गेलंय ते ठरवू."

अश्विनी रडायला लागली, आणि मला कळलं ती काय सुचवणार आहे. मी म्हणाले, नाही. तिला नाही घालायचं तिथं. ते फार सोपं होईल आणि ती आपल्याला हसेल. मग दुपारभर आम्ही एक माणूस बनवला. मोरा आबा. दोर वळणारा. अतिशय भांडकुदळ. गल्लीतल्या प्रत्येकाशी त्याचा पाण्यावरून तंटा झालेला, निम्म्या गल्लीने त्याच्याशी बोलणं टाकलेलं. वैभव म्हणाला, "तरी जेवण नेतात?" अश्विनी म्हणाली, "नेतात. शिव्या देत नेतात." आम्ही हसलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा, तिघं एकदम.

मग मी पुढचं सांगितलं. आबाची बायको दारात येते. पाच जणांना आत घेते. पातेली स्वतः उतरवून ठेवते. म्हणते, बसा, उन्हातून आलात. त्याच्याशी तुमचं भांडण नव्हतं ना? नसलं तर तुम्ही एकटेच.

"आणि ते तिला मारतात?" अश्विनीने विचारलं.

"प्रत्येकासाठी वेगळा फासा टाकू," मी म्हणाले. "अठराच्या वर आला तर त्या माणसाचा हात उठणार नाही."

हा नियम नव्हता. मी तो तेव्हा केला. अठराच्या वर म्हणजे फार कठीण, हे तुला सांगायला नको. मला तुझ्या माणसांवर मेहेरबानीही करायची नव्हती, तुला ती आवडली नसती. वैभवने फासा उचलला आणि बराच वेळ मुठीत हलवत राहिला. चार. अकरा. नऊ. सोळा.

त्यांनी म्हातारीला मारलं, नसरीन. मी ते सांगितलं, न चुकवता. मग ते चौघं चोरदरवाज्याकडे धावले, बाहेरचे आत आले, आणि संध्याकाळपर्यंत नदीकडची निम्मी वस्ती जळाली. आतला तट टिकला. अश्विनीच्या लोकांनी तो धरला, पण तिथवर भाकरी आणि पाणी पोचलं ते तू पेन्सिलीने काढलेल्या गल्लीतून. दुसरी वाट उरलीच नव्हती. तुझे निम्म्याहून जास्त लोक जगले. तू भाबडी नव्हतीस आणि माझा तटही वाया गेला नाही, असं म्हणून वाद मिटवता येईल. पण ती म्हातारी मेली आणि ती माझ्यामुळे मेली, तेव्हा मी तो मिटवत नाही.

पाचव्यासाठी एकोणीस पडला.

तो त्या घरातच बसून राहिला. अश्विनीचे शिपाई पोचले तेव्हा त्याने म्हातारीचा चेहरा पदराने झाकला होता आणि भिंतीला टेकून बसला होता. सुरा भातातच होता. तुझ्या मेसेजचं उत्तर हे आहे. एकाला वाटली. उत्तर यायला फार उशीर झाला, आणि ते माझ्या मनाने नाही, फाशाने दिलं, तरी वैभव तो आकडा बघून उठून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

त्याचं काय करायचं यावर आमचं भांडण झालं. अश्विनी म्हणते, फाशी. वैभव म्हणतो, तटाबाहेर काढा. मी म्हणाले, ठेवू. ठेवलाय. सध्या तो मोरा आबाच्या घरी राहतो, दाराशी दोन भालाईत उभे असतात, गल्ली त्याला जेवण पाठवते. शिव्या देत.

खेळात तो माणूस आता मी चालवते. त्याला उंबरणी येत नाही आणि मलाही नीट येत नाही, म्हणून रोज डब्याच्या सुट्टीत तुझी फाईल घेऊन बसते. पाण्याचे शब्द सगळे सापडले. भुकेचे तर किती आहेत. नात्यांचे, धुण्याचे, रागावण्याचे अकरा. माफी मागायला त्यांच्यात काय म्हणतात ते सापडत नाही. दोनदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. त्यांच्यात तसा शब्दच नाही, की तुझा लिहायचा राहिला?

येत्या रविवारी त्याला गल्लीसमोर उभं करणार आहेत. त्याला काहीतरी बोलावं लागेल.